कापसाचं मीटर आणि साम्साचं घर: असंगत कथा वाचायची कशी, लिहायची कशी

(वाचनालयांतल्या कथावाचनाच्या बैठकींवरचा हा चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुरावरचं नाव हे तो लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धुऱ्यावरून

कापूस-सोयाबीनची धांदल ओसरली की विदर्भातल्या गावोगावच्या वाचनालयांत बैठकी भरायला लागतात. ग्रामीण कथा चालते, विनोदी कथा तर फारच चालते. आधुनिकतावादी कथा काढली की मात्र दोन आक्षेप ठरलेले. एक, हे शहरातलं दुखणं आहे. इथं अख्खं गाव एकमेकांना ओळखतं, इथं कुठला आला परकेपणा. दुसरा, यात काही घडतच नाही, आणि घडतं ते बिनबुडाचं.

माझ्या मते दोन्ही आक्षेप सुरुवात चुकल्यामुळे येतात. आपण आधी ‘परात्मता’ (तुटलेपण, परकेपणा) आणि ‘असंगतता’ (इंग्रजीत ॲब्सर्ड; माणूस आणि जग यांचा मेळ न बसणं) या शब्दांवर अर्धा तास बोलतो, मग युरोपातली दोन महायुद्धं सांगतो. प्रत्यक्ष कथा येईपर्यंत मागच्या सतरंजीवरची माणसं उठून गेलेली असतात.

पहिल्या बैठकीला प्रागचा जर्मन लेखक फ्रान्झ काफ्का याची ‘कायद्यापुढे’ ही कथा घ्यावी. १९१५ साली छापून आलेली, जेमतेम दीड पानाची. कायद्याच्या दारापाशी एक माणूस येतो. त्याला नाव नाही. मूळ जर्मनमध्ये तो फक्त ‘खेड्यातला माणूस’ आहे. दार उघडंच आहे, पण दारवान म्हणतो, आत्ता सोडता येत नाही. नंतर? नंतर जमेलही, पण आत्ता नाही. बसायला स्टूल देतो. माणूस त्या स्टुलावर दिवसचे दिवस, वर्षंच्या वर्षं बसून राहतो. प्रवासाला म्हणून जे जे आणलं ते एकेक करून दारवानाला देतो. दारवान सगळं घेतो आणि वर सांगतो, की तुझं काही करायचं राहून गेलं असं तुला वाटू नये, एवढ्यासाठीच घेतोय. पुढं पुढं तर दारवानाच्या केसाळ कॉलरमधल्या पिसवासुद्धा या माणसाच्या ओळखीच्या होतात आणि तो पिसवांनाही विनवतो, याचं मन वळवा. मरताना तो विचारतो, इतक्या वर्षांत इथं दुसरं कोणी कसं आलं नाही? उत्तर येतं, हे दार फक्त तुझ्यासाठी होतं, आता मी ते लावतो.

वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात. प्रस्तावना न करता वाचा, आणि दोनदा वाचा. पहिल्यांदा लोक ‘पुढं काय’ ऐकतात, दुसऱ्यांदा दारवानाचे शब्द ऐकतात. मग दोनच प्रश्न विचारा. या माणसानं काय काय दिलं? आणि उठून घरी जाता आलं असतं अशी वेळ नेमकी कोणती होती? तहसीलच्या बाकावर बसलेल्या कोणालाही या दुसऱ्या प्रश्नावर बोलता येतं. ‘दार म्हणजे काय’ हा प्रश्न त्या दिवशी काढूच नका. दार म्हणजे देव, दार म्हणजे न्याय, असं एकदा कोणी बोललं की बाकीचे मान डोलावतात आणि कथा तिथंच मिटते.

पुढच्या बैठकींचा क्रम आणि लिहिणाऱ्यांसाठी काय सांगावं, यावर जाणकारांनी लिहावं.

शाईची दौत

दुसरी, तिसरी आणि चौथी बैठक काफ्काच्याच ‘मेटामॉर्फसिस’ला द्या. १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात लिहिलेली, १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिचे तीन भाग आहेत आणि एकेक भाग मोठ्यानं वाचायला पाऊण ते एक तास लागतो. एका बैठकीत उरकायला गेलात तर तिसरा भाग वाया जातो, आणि खरी कथा तिसऱ्या भागातच आहे.

श्रोत्यांच्या हाती पेन्सिल द्या आणि दोनच गोष्टींखाली रेघ मारायला सांगा: वेळ आणि पैसा. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो किडा झालेला. त्याची पहिली काळजी कोणती? पाचची गाडी चुकली. घड्याळात साडेसहा झालेत, पुढची गाडी सातला आहे, नमुन्यांची पेटीसुद्धा अजून भरलेली नाही. सव्वासातच्या सुमाराला कचेरीतला वरिष्ठ घरी येऊन थडकतो. आता पैसा बघा. ग्रेगोरच्या आईबापांनी त्याच्या मालकाचं कर्ज काढलेलं आहे, ते फिटायला अजून पाच-सहा वर्षं लागतील असा त्याचा हिशोब आहे, म्हणून नोकरी सोडता येत नाही. ‘शहरातलं दुखणं’ म्हणणाऱ्यांना एवढी एक ओळ वाचून दाखवली तरी पुरे. दुसऱ्या भागात कळतं की धंदा बुडाला तेव्हा बापानं थोडी रक्कम बाजूला ठेवली होती आणि पोराला ते सांगितलंच नव्हतं. या ठिकाणी वाचन थांबवा आणि लोकांना बोलू द्या.

सफरचंदाचा प्रसंगही सावकाश वाचा. बाप खिसे भरून घेतो आणि पोरावर एकामागून एक सफरचंद फेकतो. त्यातलं एक पाठीत रुतून बसतं. काढायची कोणाची छाती होत नाही. जखम महिनाभराहून जास्त दुखत राहते. शेवटाकडे ते सफरचंद कुजलंय आणि भोवतीचा सुजलेला भाग मऊ धुळीनं झाकला गेलाय. धूळ, म्हणजे त्या खोलीत कोणी झाडू मारत नाही. घरच्यांचं मन उडालं हे लेखकानं असं सांगितलंय.

बैठकीच्या फलकावर किंवा आमंत्रणावर झुरळाचं चित्र काढू नका, ही कळकळीची विनंती. मुखपृष्ठावर किडा काढायचा विचार चाललाय असं वाटल्यावर काफ्कानं १९१५ मध्ये प्रकाशकाला कळवलं होतं, की किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. शेवटी छापलं गेलं ते चित्र अर्धवट उघड्या दारापासून तोंड झाकून दूर जाणाऱ्या माणसाचं. मूळ शब्द ‘उंगत्सिफर’ असा आहे. त्यात कोणत्याही नकोशा, उपद्रवी जिवाचा अर्थ आहे, एका जातीचं नाव नाही. मराठीत ‘झुरळ’ केलं की ऐकणारा चप्पल शोधतो. ‘किडा’ ठेवा.

वडाचा पार

तुमी दोघंई बरोबर सांगून रायले. पन ‘असंगत’ ह्या शब्दाची भीती घालवाची असन तर भजनाचं उदाहरन घ्या. पेटी-तबल्याच्या साथीले आपन ‘संगत’च म्हनतो ना? आता खंजेरीवाला आपल्या जागी पक्का हाय, एक मात्रा चुकत नाई. गानाराई सुरात हाय. पन दोघाइची सम येगयेगळ्या जागी पडून रायली. चूक कोनाची? कोनाचीच नाई. मांडवातल्या मानसाले मात्र बसवत नाई. हे असंगत.

ज्या लॅटिन शब्दातून ॲब्सर्ड निंगाला त्याचा अर्थई ‘बेसूर’ असाच होते. आन काम्यू नावाच्या फ्रेंच लेखकानं १९४२ च्या ‘मिथ ऑफ सिसिफस’ या पुस्तकामंधी हेच मांडलं. असंगतपना एकट्या मानसात नाई, एकट्या जगातई नाई, दोघं समोरासमोर आले का मंग तो तयार होते.

म्हनून लिवनाऱ्यानं येडा मानूस दाखवू नये आन येडं जगई दाखवू नये. दोघंई आपापल्या जागी शाहाने पाह्यजेत.

पळसपान

वडाच्या पाराचं शेवटचं वाक्य लिहिणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावं. नव्या लेखकांच्या कथा बहुतेक तिथंच घसरतात. नेहमी दिसणारी सुरुवात अशी असते:

‘आभाळ भकास होतं. त्याच्या मनात एक पोकळी दाटून आली होती. त्या निर्जीव रांगेत तो फक्त एक आकडा उरला होता. आपण कोण, हा प्रश्न त्याला आतून पोखरत होता.’

चार वाक्यं झाली आणि वाचकाच्या हाताला एकही वस्तू लागली नाही. ‘आकडा उरला होता’ हा तर निष्कर्ष आहे; तो वाचकानं काढायचा. शिवाय ही रांग कशाची, हेच कळत नाही. रेशनची, बँकेची, की दवाखान्याची?

आता तीच रांग कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर न्या. तिथले नियम आधी नीट माहीत करून घ्या, कारण असंगत कथा नियमावर उभी राहते. कापसातली आर्द्रता मोजतात. आठ टक्के हे प्रमाण धरलेलं. आठच्या वर बारापर्यंत गेलं तर भावात तेवढी कपात. बाराच्या वर गेलं की माल घेत नाहीत. ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस, मीटरची सळई गाडीतल्या कापसात खुपसतो आणि डबीवर आकडा येतो. रात्रीचं दव धरलेला कापूस, घाईत वेचलेला ओला कापूस इथं मार खातो. एवढं हाताशी आलं की लिहा:

‘तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं सळई कापसात न खुपसता म्हाताऱ्याच्या तळहातावर टेकवली. साडेतेरा. “बारापर्यंतच घेता येते, बाबाजी,” तो म्हणाला आणि त्यानं पावतीबुक मिटलं. मागच्या गाडीवाल्यानं आपला तळहात धोतराला पुसला.’

विचित्र गोष्ट एकच घडली. ग्रेडर दुष्ट नाही. तो ‘बाबाजी’ म्हणतो आणि नियम जसा आहे तसा सांगतो. म्हातारा वेडा नाही. माझ्या लेखी यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. मागचा माणूस चकित होत नाही, तो आपला हात कोरडा करतो. त्याच क्षणी ती विचित्र गोष्ट गावाची रीत होऊन बसते. साम्साच्या घरी हेच घडतं. आई घाबरते, बाप चिडतो, वरिष्ठ जिन्यावरून पळत सुटतो, पण ‘माणूस किडा होतोच कसा’ याची चौकशी अख्ख्या कथेत कोणी करत नाही. भीती चालते, राग चालतो, घाई तर फारच चालते. चौकशी आली की कथा मोडते. टीव्हीचा वार्ताहर किंवा मुंबईहून आलेला पाहुणा ‘हे काय भलतंच’ म्हणाला की सगळा डोलारा खाली आला, हे धरून चाला.

पुढं कसं न्यायचं? प्रत्येक पायरी कामाची ठेवायची. घरी सून म्हणते, सकाळी पाणी कमी प्या. ताक बंद होतं. दुपारी म्हातारा हात उन्हात धरून ओसरीवर बसतो. पाचव्या दिवशी साडेबारा येतात आणि घरात आनंद होतो. हा आनंद खराखुरा लिहा. वाचकाचा जीव तिथं कासावीस होतो.

अशी कथा अठराशे ते बावीसशे शब्दांत बसते. विचित्र गोष्ट पहिल्या शंभर शब्दांच्या आत यावी. उशिरा आली तर ती कलाटणी वाटते आणि वाचक पुढं दुसऱ्या कलाटणीची वाट बघत बसतो. आणि दुसरी विचित्र गोष्ट आणू नका. ग्रेडरचा अचानक कावळा झाला तर पहिल्या नियमाला काही किंमत राहत नाही. काहीही घडू शकतं म्हटल्यावर कशाचीच धास्ती उरत नाही. स्वप्नातून जाग आली हा शेवट तर मुळीच नको, तो वाचकाची दोन हजार शब्दांची मेहनत परत घेतो.

कवडसा

वर ‘चूक कोणाचीच नाही’ असं जे आलंय त्यावर थांबायला हवं. ते काम्यूच्या विचारापुरतं ठीक आहे, पण आपल्या गावांना ते सरसकट लावलं तर खोटं लिहिलं जाईल. ज्याला गावानं पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्याचं तुटलेपण हवेतून आलेलं नाही. त्याला कारण आहे आणि कारणाला पत्ता आहे. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह, १९६३) याच क्रमात वाचायला हवी. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी जात न सांगता राहतो. वरवर सगळं सुरळीत आहे, लोक मान देतात, पण ज्याला मान मिळतोय तो माणूस तो स्वतः नाही. परात्मता याहून नेमकी कुठं दाखवता येईल? फरक एवढाच, की इथं घाव घालणारे हात दिसतात.

म्हणून प्रत्येक कथेला एक प्रश्न लावून बघावा: हे अंतर कोणी पाडलं? कोणी पाडलं हे कथेला माहीत असून ती धुक्यात लपवत असेल, तर ती कच्ची आहे.

‘परात्मता’ शब्द मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांतून आपल्या चर्चेत आला. ती छापली गेली १९३२ मध्ये. त्यात तुटणं चार जागी सांगितलंय: आपण केलेल्या वस्तूपासून, प्रत्यक्ष कामापासून, आपल्या माणूसपणापासून आणि दुसऱ्या माणसापासून. हे बैठकीत समजवायला कापूस वेचणारी बाई घ्या. किलोवर मजुरी, म्हणून बोट बोंडाकडे जातं तेव्हा डोक्यात वजन असतं. ओट्यात भरलेला कापूस तिचा नाही, आणि संध्याकाळी काट्यावर शेजारणीचं ओझं जड भरलं तर तिचा चेहरा पडतो. चारही गोष्टी तासाभराच्या वेचणीत दिसतात, एकाही अवघड शब्दाशिवाय.

अजून एक बोलायचं आहे, आणि ते जपून. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांवर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे शेरे पडतात. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये सरकारी मदत. या दोन शब्दांवर कथा लिहायचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो, आणि बहुतेक कथा मृत्यूचं वर्णन करण्यात संपतात. मृत्यू कथेबाहेर ठेवा. कागद आत आणा. सातबारा बापाच्या नावावर, कर्ज बापाच्या नावावर, आणि गेला तो मुलगा. घरात चर्चा कशाची होते? कोणाचं नाव कुठं लागलं असतं तर बरं झालं असतं, याची. ही चर्चा चुलीपाशी, भाकरी थापता थापता, कोणताही सूर न चढवता लिहिता आली तरच हात घाला. नाहीतर त्या घरांचं दुःख वापरल्यासारखं होतं.

धुऱ्यावरून

कवडसा, हा भाग धाग्यात हवाच होता. बागुलांची कथा सहाव्या बैठकीला ठेवू.

मार्क्सची चार तुटणी एका गोष्टीत बघायची असतील तर गजानन माधव मुक्तिबोधांची ‘पक्षी और दीमक’ ही हिंदी कथा घ्या. मुक्तिबोध १९४८ ते १९५८ नागपुरात होते आणि आपल्या भागात हिंदी कानाला परकी नाही, त्यामुळे मुळातूनच वाचावी. कथेतल्या कथेत एक पक्षी गाडीवाल्याकडून वाळवीचे किडे विकत घेतो, दोन किड्यांना एक पंख (म्हणजे एक पीस) या भावानं. पंख संपत जातात, उडणं सुटतं. मग तो जमिनीवर हिंडून किडे गोळा करतो, ढीग लावतो आणि गाडीवाल्याला म्हणतो, हे घे, माझे पंख परत दे. गाडीवाला सांगतो, मी पंख घेऊन किडे देतो, किडे घेऊन पंख देत नाही. भाव एकाच दिशेनं चालतो, हे ज्यानं बियाणं उधारीवर उचललंय त्याला फोड करून सांगावं लागत नाही.

पैनगंगेकाठी

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक बैठकीला येत असतील तर काम्यूची ‘पाहुणा’ वगळू नका. १९५७ च्या सहा कथांच्या संग्रहातली ही कथा. अल्जीरियाच्या पठारावरची एकशिक्षकी शाळा, मास्तरचं नाव दारू. (हे नाव ऐकून हशा पिकतो. वाचणाऱ्यानं आधीच ‘दाऱ्यू’ असा उच्चार करावा.) आठ महिने पाऊस नाही, मग एकदम बर्फ. खोलीत गव्हाची पोती रचलेली आहेत, दुष्काळात सापडलेल्या घरांच्या मुलांना वाटायला सरकारनं पाठवलेली. एक शिपाई एका अरब कैद्याला घेऊन येतो आणि सांगतो, उद्या याला तू ठाण्यावर पोचव. गुन्हा काय, तर चुलतभावाचा खून, आणि भांडण बहुधा धान्याच्या उधारीवरून.

मास्तरला हे काम नको आहे. तो कैद्याला जेवू घालतो, रात्री एकाच खोलीत झोपतो, सकाळी वाटेला लागतो. जिथं वाट फुटते तिथं त्याला खजूर, पाव, साखर आणि हजार फ्रँक देतो. एक वाट ठाण्याची, दोन तासांची. दुसरी भटक्या टोळ्यांकडे जाणारी, दिवसभराची. निवड तू कर, म्हणतो. कैदी ठाण्याची वाट धरतो.

सुरुवातीला फळ्यावर मास्तरनं फ्रान्सच्या चार नद्या चार रंगांच्या खडूंनी काढलेल्या आहेत. पठारावरच्या पोरांना, ज्यांनी आठ महिने पाणी पाहिलं नाही, त्यांना हा भूगोल. शेवटी मास्तर परत येतो तेव्हा त्याच नद्यांच्या वळणांमध्ये कोणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात लिहून गेलेलं असतं, की तू आमच्या भावाला पकडून दिलंस, याची किंमत मोजशील. वाचून झाल्यावर फळ्यावर खरोखर चार रेघा ओढा आणि मधली जागा बोटानं दाखवा. परकेपणाची व्याख्या द्यायची गरज पडत नाही.

भाषांतराची अडचण एक आहे. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ पाहुणा आणि यजमान असा दोन्ही होतो. मराठीत तसा एक शब्द नाही. शीर्षक ‘पाहुणा’ ठेवावं आणि चर्चेत विचारावं, पाहुणा नेमका कोण? कैदी, की जन्मभर त्याच मुलखात राहिलेला मास्तर?

शाईची दौत

भाषेबद्दल थोडं. काफ्का १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधायच्या यंत्रात चौकोनी दांड्यामुळे बोटं कशी तुटतात आणि गोल दांडा बसवला तर कशी वाचतात, यावर त्यानं आकृत्यांसह अहवाल लिहिलाय. त्याच्या कथांची भाषा त्या अहवालाची आहे. मोजून बोलणारी, कुठंही आवाज न चढवणारी. आपल्याकडच्या शेतकरी अपघात योजनेची अटींची यादी काढून बघा. एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख, जीव गेला तरी दोन लाख. मळणीयंत्रात हात गेलेल्या माणसाचा अर्ज त्या भाषेत जसाच्या तसा लिहिला, तर त्यात एकही विशेषण टाकावं लागणार नाही.

म्हणून सराव सांगतो. कोणताही सरकारी अर्ज घ्या. ‘सदर अर्जदार’, ‘उपरोक्त’, ‘विषयांकित’ हे शब्द असलेली दहा वाक्यं उतरवून काढा. मग त्याच प्रसंगातलं घरचं बोलणं दहा वाक्यांत वऱ्हाडीत लिहा. आता दोन्ही पत्त्यांसारखं पिसा, एक हे, एक ते. निवेदकानं मधे काही बोलायचं नाही. एकाच माणसाबद्दल दोन भाषा बोलतायत आणि एकमेकींना भेटत नाहीत, हे कानाला कळतं.

वडाचा पार

सराव चांगला हाय, पन एक धोका सांगतो. कविसंमेलनाच्या मंचाईनं वऱ्हाडी म्हनलं का हसाचंच, अशी सवय लावून देल्ली लोकाइले. तुमी ‘काहून’ लिवलं का वाचनारा दात काढते. अशा कथेत हसू आलं का मानूस खाली पडते, आन मंग थो उठत नाई. म्हनून संवादातले गमतीचे शब्द, म्हनी, शिव्या सगळे काढून टाका. साध्या कामाचं बोलनं ठेवा: ‘पानी भरलं का’, ‘कागद कुठं ठिवला’, ‘उद्या जा लागते’. वाक्य चार-पाच शब्दाचं. उद्धव शेळक्याइच्या ‘धग’मंधी (१९६०) वऱ्हाडी अशी वापरली हाय. थे कादंबरी हाय, असंगत कथा नाई, पन ही भाषा दुःख कशी उचलते थे पाहाले तिच्यातले दोन-तीन प्रसंग मोठ्यानं वाचून पाहा.

नवा वाचक

जी. ए. कुलकर्ण्यांपासूनच सुरुवात का करू नये? मराठीच आहे, भाषांतराचा प्रश्न नाही. आणि कागदावर मेलेला, प्रत्यक्षात जिवंत माणूस हा विषय कसा वाटतो?

पळसपान

जीए पहिल्या बैठकीला घेतले तर लोक भाषेच्या प्रेमात पडतात आणि कथा बाजूला राहते. ‘रमलखुणा’तल्या (१९७५) दोन दीर्घकथा तर पहिल्या वर्षी घेऊच नयेत. सातव्या बैठकीला ‘पिंगळावेळ’मधली (१९७७) ‘स्वामी’ घ्या. गाडी चुकून आडगावात अडकलेला माणूस मठात नेला जातो आणि तिथंच स्वामी म्हणून कोंडला जातो. खाणंपिणं उत्तम, वागणूक आदराची, दार मात्र बंद. ‘कायद्यापुढे’च्या अगदी उलट मांडणी: तिथं दार उघडं असून आत जाता येत नाही, इथं मान मिळत असून बाहेर पडता येत नाही. फरक शेवटाकडे आहे. काफ्काचा माणूस संपतो तेव्हा दार लागतं. जीएंचा माणूस हवेच्या झरोक्यातून एक वेल वर उजेडाकडे जाऊ देतो. त्या वेलीवर भरपूर वेळ द्या, ती सहज हाती लागलेली नाही.

कागदावर मेलेला माणूस हा विषय फार झिजलाय. तो हयातीचा दाखला मागायला जातो, साहेब म्हणतो तू मेलास, वाचक हसतो, संपलं. ती बातमी झाली. कथा तिथून सुरू होते जिथं घर त्या कागदाप्रमाणे वागायला लागतं. बायकोच्या नावानं विधवेचं अनुदान सुरू झालंय आणि घर त्यावर चालतंय. तपासणीला कोणी आलं की तो मागच्या गोठ्यात जाऊन बसतो. आधी धावत जायचा, नंतर चालत जातो, नंतर खाट तिकडेच टाकून घेतो. रागावर आणि भांडणावर एक शब्द खर्चू नका. खाट किती दिवसांनी हलली तेवढं मोजून सांगा. आणि कथा संपवताना मागं वळून त्याच्याकडे बघू नका. साम्साच्या कथेतलं शेवटचं दृश्य साम्साचं नाहीच: आईबाप आणि बहीण ट्राममधून शहराबाहेर निघालेत, ऊन पडलंय, लहान घर घ्यायचं ठरतंय, बहीण उठून आळस देते. तुमच्याही कथेत शेवटी घर पुढं निघून गेलेलं दिसू द्या.

धुऱ्यावरून

मग क्रम असा बसतो. पहिली ‘कायद्यापुढे’, दुसरी ते चौथी ‘मेटामॉर्फसिस’, पाचवी ‘पाहुणा’, सहावी बागुल, सातवी ‘स्वामी’, आणि आठवी ‘पक्षी और दीमक’ व सोबत सदस्यांनी लिहिलेल्या कथा. आठव्या बैठकीला तीनपेक्षा जास्त कथा घेऊ नका; एका कथेला पंचवीस मिनिटं तरी लागतात आणि चौथ्या लेखकाच्या वेळी लोक दमलेले असतात.

प्रती काढण्याबद्दल नीट बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. काफ्का १९२४ मध्ये, काम्यू १९६० मध्ये आणि मुक्तिबोध १९६४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा मूळ मजकूर मोकळा झालाय. भाषांतराचा हक्क मात्र भाषांतर करणाऱ्याचा वेगळा असतो, छापील भाषांतराच्या झेरॉक्स वाटू नका. ‘कायद्यापुढे’ दीड पानच आहे. जर्मन येणारं कोणी गाठून स्वतःचं भाषांतर करून घेणं सगळ्यात चांगलं. जीए आणि बागुल यांची पुस्तकंच विकत घ्या, तीन-तीन प्रती पुरतात, आळीपाळीनं वाचता येतं.

पहिल्या बैठकीच्या वीस प्रती काढा, अक्षर मोठं ठेवा आणि कागदाच्या एकाच बाजूला छापा. उठून घरी जाता आलं असतं ती ओळ प्रत्येकानं मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या अक्षरात लिहायची आहे. कागद गोळा करून ठेवा, आठव्या बैठकीला ते परत वाटायचे आहेत.